कृतज्ञतेची वही आणि पाण्याचं मीटर

परवा शुक्रवारी आमच्या ऑफिसात 'वेलनेस' नावाचं एक सेशन झालं. दुपारी चार वाजता, म्हणजे माणसाला फक्त घरी जायला मिळाल्याबद्दलच कृतज्ञता वाटू शकेल अशा वेळी. :) प्रत्येकाला एकेक छोटी वही मिळाली. ज्यांच्याबद्दल मनापासून आभार मानावेसे वाटतात अशा तीन गोष्टी लिहा, असा हुकूम सुटला. आई-बाबा, तब्येत, आणि तिसऱ्या नंबरावर निम्म्या लोकांच्या वहीत एकच गोष्ट: नळाला येणारं पाणी. ट्रेनरबाई खूश झाल्या. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे, आपण नळ सोडतोय असं डोळ्यांपुढे आणायचं आणि मनातल्या मनात 'थँक यू' म्हणायचं. वीस सेकंद. नंतर समोसे.

माझं भांडण समोशांशी नाही (बरे होते). त्या वीस सेकंदांशी आहे.

'थँक यू' म्हटलं, ठीक. पण कोणाला? हे कोणी विचारलंच नाही. इंग्रजीत माणूस कशाबद्दलही 'ग्रेटफुल' राहू शकतो, समोर कोणी असायची गरज पडत नाही. मराठीत मात्र आभार 'कोणाचे' तरी मानावे लागतात. उपकार 'कोणाचे' तरी असतात आणि ते फेडायचे असतात. आणि 'कृतज्ञ' हा शब्द तर फोडून बघा: कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणी काय केलंय हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. त्यात 'वाटणं' नाहीच, 'माहीत असणं' आहे. आता मला सांगा, आपल्या फ्लॅटच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं, हे त्या सेशनमधल्या किती जणांना सांगता आलं असतं? मी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, "टाकीतून." टाकीत कुठून येतं? "टँकरने... किंवा कॉर्पोरेशनचं." आणि कॉर्पोरेशनला? "अरे, वीकेंड आहे, सोड ना."

आपल्या धंद्यात याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात. आतमध्ये काय चाललंय ते तुला कळायची गरज नाही, तू फक्त फंक्शन कॉल कर. नळ हे मानवजातीने बनवलेलं बहुधा सगळ्यात सुंदर एपीआय आहे. एक चावी फिरवा, रिस्पॉन्स हजर. डॉक्युमेंटेशन लागत नाही, लॉगिन लागत नाही. जोएल स्पोल्स्कीने २००२ साली एक लेख लिहिला होता, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी वाचला असेल: प्रत्येक ॲब्स्ट्रॅक्शन कुठे ना कुठे गळतंच. गळायला लागलं की आतलं सगळं समजून घेण्यावाचून इलाज नसतो. नळाच्या बाबतीत तर गळणं शब्दशः लागू आहे. तेव्हा जरा आत डोकावून बघू.

मी पुण्यात राहतो म्हणून पुण्याचंच सांगतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं. चारही भरली तर साधारण २९ टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. आपण ज्याच्या चौपाटीवर भजी खायला जातो ते खडकवासला या चारांत सगळ्यात लहान, पण सगळ्यात जुनं, १८७९ सालचं. आणि हे पाणी एकट्या पुण्याचं नाही. त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरकडच्या शेतीला पाणी जातं. दर उन्हाळ्यात 'आवर्तन सोडायचं की पुण्याला ठेवायचं' अशा बातम्या येतात ना, ज्या आपण स्क्रोल करून पुढे जातो? तो भांडणतंटा आपल्या शॉवरबद्दल असतो.

१२ जुलै १९६१ ला हे ॲब्स्ट्रॅक्शन कसं फाटलं ते पुण्यात सगळ्यांना ऐकून माहीत आहे. पानशेतचं काम पुरतं झालेलं नव्हतं तरी त्यात पाणी साठलं. धरण धोक्यात आल्यावर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते धरायचा प्रयत्न केला. शेवटी पानशेत फुटलंच, आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासलाही गेलं. पुराच्या गोष्टी आपण ऐकतो: नदीकाठच्या पेठांमधली घरं, वाहून गेलेले संसार, पाणी कुठपर्यंत आलं त्याच्या खुणा. पण अजून एक गोष्ट झाली होती, ती कमी सांगितली जाते. शहराचा पाण्याचा साठाच नाहीसा झाला होता. काल घरात शिरलेलं पाणी, आणि आज प्यायला पाणी नाही. त्या जवानांनी पोती रचली म्हणून धरण रात्री न फुटता दिवसा फुटलं आणि कितीतरी माणसं वाचली, असं जुने पुणेकर आजही सांगतात. आभार मानायचेच असतील तर सुरुवातीला हे एक नाव घ्या.

दुसरं नाव जास्त अडचणीचं आहे. धरण म्हणजे पाण्याखाली गेलेली गावं. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे पानशेत बांधलं गेलं तेव्हा, कोयना बांधलं गेलं तेव्हा, असा कायदाच नव्हता. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना जे काही मिळालं ते सरकारच्या मर्जीवर. कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलनं तर अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. धरण बांधून अर्धं शतक उलटून गेल्यावर! म्हणजे तिसऱ्या पिढीतला माणूस आजोबांच्या जमिनीचा मोबदला मागत रस्त्यावर बसतो, आणि आपण एसी मीटिंग रूममध्ये डोळे मिटून विश्वाला थँक यू म्हणतो. विश्वाने काय केलंय यात? विश्वाने पाऊस पाडला, तेवढं कबूल. बाकीचं माणसांनी केलंय. आणि काही माणसांनी ते स्वतःहून केलेलं नाही, त्यांच्याकडून करवून घेतलंय.

(विजेचंही तेच. मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. हरले. त्या धरणाचं पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज बनवतं. मुळशीला आपण हल्ली रिसॉर्ट बुक करायला जातो.)

आता इथे कोणीतरी म्हणेल की हा माणूस आपल्याला गिल्टी वाटायला लावतोय. अजिबात नाही. अपराधी वाटणं हे वहीतल्या कृतज्ञतेचं जुळं भावंडच आहे. दोन्ही आपल्या डोक्यात सुरू होतात आणि आपल्या डोक्यातच संपतात. मला कोणाच्या भावनांमध्ये रस नाही. मला बिलामध्ये रस आहे. त्याकडे येतोच. पण त्याआधी अजून एका जागी थांबायला पाहिजे, कारण 'जे मिळालंय त्याबद्दल आभारी राहा' हा उपदेश आपल्या महाराष्ट्रात तरी जरा जपून केला पाहिजे.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका माणसाने आपल्या घरचा हौद उघडणं ही इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट व्हावी, यावरूनच तेव्हाची परिस्थिती कळते. मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव सी. के. बोल्यांनी १९२३ साली मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने तोच ठराव पुढे आपल्या तळ्यापुरता केलाही. कागद झाला, पाणी मिळालं नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. एक ओंजळ पाणी, दहा वर्षं. पुढे १९७० च्या दशकात बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव फिरावं लागलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनीसुद्धा हा प्रश्न संपलेला नव्हता.

या लोकांना कोणी सांगितलं असतं की बाबांनो, नाही त्याचा विचार करू नका, आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा... तर? चवदार तळ्यावर गेलेली माणसं आभार मानायला गेली नव्हती. पाणी हा हक्क आहे, हे सांगायला गेली होती. आपल्या घरातला नळ हा अशा सगळ्या न-आभारी, भांडखोर माणसांनी आपल्यापर्यंत आणलेला आहे. गोरेगावात मृणाल गोरेंनी पाण्यासाठी इतकी भांडणं केली की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. हे बिरूद मला पद्म पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

आणि याच कारणासाठी मला त्या फ्लेक्सचा राग येतो. तुम्हीही बघितले असतील. 'आमच्या वस्तीला पाण्याची लाईन दिल्याबद्दल माननीय अमुक साहेबांचे जाहीर आभार!' खाली पन्नास शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले फोटो. ऑफिसातली वही आणि चौकातला फ्लेक्स, मला दोन्हीत फार फरक दिसत नाही. एकात आभार कोणाचेच नाहीत, दुसऱ्यात चुकीच्या माणसाचे आहेत. दोन्हीमुळे खरा हिशोब झाकला जातो, एवढं मात्र नक्की.

खरा हिशोब कसा आहे? सरकारी मापं बघा. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं धरतात. गावातल्या माणसाला जलजीवन मिशनच्या हिशोबाने ५५ लिटर. हे माप आहे, प्रत्यक्षात काय मिळतं तो वेगळाच विषय. पण माणूस तोच, घाम तोच, माप मात्र अडीचपट. ही योजना १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १७ टक्के घरांत नळ होता. चांद्रयान-२ तेव्हा चंद्राच्या वाटेवर होतं. नंतरच्या वर्षांत नळ भराभर वाढले, ते श्रेय द्यायलाच पाहिजे. पण नळ बसवणं आणि नळाला पाणी येणं यात फरक आहे, हे 'डिप्लॉय झालं' आणि 'चालतंय' यातला फरक ज्यांना कळतो त्यांना वेगळं सांगायला नको.

मुंबईकरांनी फार हसू नये. मुंबईचं पाणी ज्या तानसा आणि भातसा धरणांतून येतं, ती आहेत शहापूर तालुक्यात. तानसा १८९२ सालचं. त्याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण उशाला, कोरड घशाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते आठवतंय? पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. पाच लाख लिटर म्हणजे १३५ च्या मापाने पावणेचार हजार शहरी माणसांचं एका दिवसाचं पाणी. 

आणि पाणी जिथे नळाने येत नाही तिथे ते डोक्यावरून येतं. बाईच्या डोक्यावरून. आपल्या भाषेतच बघा, एखाद्याला कमी लेखायचं असलं की आपण म्हणतो, "तो याच्यापुढे पाणी भरेल." पाणी भरणं हे इतकं खालचं काम. माझी आई लग्न होऊन मुंबईला चाळीत आली तेव्हा पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि साडेपाचला जायचं. ("पाणी आलं", "पाणी गेलं" असं आपण अजून म्हणतो. पाहुण्यासारखं.) आधी पिंप, मग कळशा, मग हंडे, मग उरलेली पातेली, शेवटी ग्लाससुद्धा. एकदा मी तिला म्हटलं, "आई, तू त्या दिवसांमुळे पाण्याची किंमत शिकलीस ना?" ती म्हणाली, "किंमत कसली शिकायची त्यात? झोप गेली माझी अकरा वर्षं." मला वाटतं 'पूर्वीची माणसं कशी समाधानी होती' वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा आपल्या आईला विचारून बघावं. टंचाईने माणूस उदात्त होत नाही, दमतो. म्हणून नळ मला मनापासून आवडतो. मी नळाच्या विरोधात नाहीच आहे. तो सगळ्यांच्या घरी असावा, एवढंच म्हणणं आहे.

आता बिल.

आमच्या भागात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच लागून येते. ती ठरते घराच्या करयोग्य मूल्यावर. तुम्ही किती लिटर वापरलं याच्याशी तिचा संबंध नाही. दहा मिनिटं शॉवर घेणारा (साधारण शंभर लिटर) आणि एका बादलीत आंघोळ उरकणारा, दोघांना बिल सारखंच. महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवायला घेतले तेव्हा ठिकठिकाणी सोसायट्यांनी विरोध केला, मीटर बसवायला आलेल्या लोकांना परत पाठवलं. आमच्या सोसायटीतही तेच झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक उसळले: आम्ही टॅक्स भरतो, आम्हालाच का, आधी झोपडपट्टीला लावा, आधी गळती थांबवा. यातला गळतीचा मुद्दा खरा आहे. बाकीच्यांबद्दल काय बोलावं! विजेचं मीटर चालतं, गॅसचं चालतं, मोबाइलचा डेटा एमबीमध्ये मोजलेला चालतो. पाण्याचं मीटर म्हटलं की अन्याय. आणि गंमत बघा, मीटरविरोधी मेसेज टाकणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी त्याच सकाळी 'पाण्याचा प्रत्येक थेंब हा देवाचा प्रसाद' असं गुड मॉर्निंगचं चित्र टाकलं होतं. प्रसाद आहे म्हणून मोजायचा नाही बहुधा.

आरओचं तर काय सांगू. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलं की ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ लावू देऊ नका. सह्याद्रीतल्या पावसाचं धरणात साठलेलं पाणी या आकड्याच्या कितीतरी खाली असतं. तरी घराघरात आरओ. एक लिटर प्यायला मिळवण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणारं यंत्र, आणि त्याच्यावर निळा दिवा. टँकरचं, बोअरचं जड पाणी ज्यांच्या नशिबी आहे त्यांचं मी समजू शकतो. पण शुद्ध केलेलं धरणाचं पाणी घरी येतंय आणि तरी आरओ? का, तर बिल्डरने फुकट दिला म्हणून.

आणि 'आम्ही टॅक्स भरतो' म्हणणाऱ्यांनी जानेवारी २०२५ आठवावा. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. धडधाकट माणसं हातपाय लुळे पडून आयसीयूमध्ये. संशयाची सुई पाण्याकडे गेली. महापालिकेत नव्याने आलेला हा भाग, टॅक्स तेही भरत होते. पण त्यांच्यातल्या अनेकांकडे शुद्धीकरण केंद्रातलं पाणी पोचलेलं नव्हतं, विहिरीतलं पाणी क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे! धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला विहीर आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या आपल्याला फिल्टर केलेलं पाणी... ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. कुठली लाईन आधी टाकायची, पैसे कुठे आधी घालायचे, हे ठरवूनच ती होते. आणि ते ठरवताना ज्या वॉर्डातले लोक बोलतात तिकडे पाइप वळतो. आपण बोलतो ते कशासाठी? मीटर नको म्हणून.

तर माझं म्हणणं साधं आहे. ज्याला नळाबद्दल कृतज्ञता वाटते त्याने मीटर लावून घ्यावं. वापरलं तेवढ्याचे पैसे द्यावेत, मापाबाहेर वापरलं तर जास्त द्यावेत, आणि ते पैसे विहिरीवर असलेल्या गावांची लाईन टाकायला वापरा असं नगरसेवकाला लेखी मागावं. आरओ काढून टाकावा, निदान त्याचं फेकलेलं पाणी लादी पुसायला घ्यावं. गुरुवारी पाणी बंद असलं की शिव्या घालायच्या आधी, त्या दिवशी कोणीतरी पंपहाऊसमध्ये उतरून दुरुस्ती करतोय हे लक्षात घ्यावं. प्रॉडक्शन डाऊन असताना आपल्याला मॅनेजरचे फोन आल्यावर कसं वाटतं ते आठवावं. आणि एवढं करायची तयारी नसेल तर निदान वही तरी मिटावी. डोळे मिटून समाधान मिळतं हे मला मान्य आहे. डुलकीनेही मिळतं.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे. मीटरला होकार देणारा आणि आरओचं वाया जाणारं पाणी बागेच्या टाकीत वळवणारा असे दोन ठराव मी लिहून दिलेत. ८४ फ्लॅट आहेत, आजवर ११ सह्या झाल्यात. बाकीच्यांपैकी दोघांनी ग्रुपवर माझ्या मेसेजखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलंय. तो होकार धरायचा की नकार, हे सेक्रेटरीसाहेबांनाही अजून कळलेलं नाही.